घोडी बदलली, स्वार तोच

इचलकरंजीत ‘सेकंडहँड’ म्हटलं की कुणी नाक मुरडत नाही. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि गावाला खडखडाटाची सवय लागली ती लागलीच. पुढे स्वित्झर्लंडच्या सुल्झर मागांनी परदेशात उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्तीच्या वयात आराम करायचा सोडून, कंटेनरमधून इचलकरंजीत उतरून, पुन्हा रात्रपाळी धरली. इथे यंत्र म्हातारं झालं असं कुणी म्हणत नाही. ‘जरा काम काढावं लागंल’ एवढंच म्हणतात.

काम काढायचं म्हणजे सुटे भाग बदलायचे, आणि या उद्योगाला सरकारचाही आशीर्वाद लाभला. केंद्राने १९९९ साली कापडधंद्यातली यंत्रं सुधारण्यासाठी योजना काढली. तिचं ‘टफ’ हे नाव इथल्या चहाच्या टपरीवरही चालतं. नंतर साध्या मागालाच जागच्या जागी सुधारण्यासाठी अनुदान आलं. धागा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा बसवा, चांगला ब्रेक बसवा, तेल न मागणारे नायलॉनचे भाग बसवा, आणि अर्ज भरा. त्यामुळे इतर गावांत अपग्रेड करणं हा पोराटोरांचा शौक असेल. आमच्याकडे तो अनुदानपात्र व्यवहार ठरला.

म्हणूनच आमच्या भाच्याने एक जुनी गिटार घरी आणून ‘हिचं हार्डवेअर अपग्रेड करायचंय’ असं जाहीर केलं, तेव्हा अपग्रेडबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. प्रश्न निघाले ते वस्तूबद्दल.

वस्तू कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून चादरीत गुंडाळून आली होती. चादर निघाली आणि आक्काने तारा मोजल्या.

“चारच? बाकीच्या दोन कुठायत?”

“आई, ही बास गिटार हाय. हिला चारच असत्यात.”

“आणि हे मधले पडदे? ह्या गळ्यावर असतात ते?”

“तेबी नसत्यात. फ्रेटलेस हाय ती.”

दाजींनी पेपर खाली ठेवला. “मग दिलं काय त्यानं?”

दाजींचा प्रश्न व्यवहाराला धरून होता. बास म्हटला की आमच्या भागात डोळ्यांपुढे येतो तो गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी. तो छातीत बसतो, खिडक्यांच्या काचा हलवतो, आणि त्याचा सूर कुठला हे आजवर कुणी विचारलेलं नाही. भाच्याने आणलेला बास मात्र सुराच्या बाबतीत फार हळवा निघाला. साध्या गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. बोट पडद्यामागे थोडं पुढे पडो, थोडं मागे पडो, तार टेकते ती पडद्यावरच, त्यामुळे सूर नेमका निघतो. बोटाचा हलगर्जीपणा पडदा पोटात घालतो. या गिटारीत तो पोटात घालणाराच नव्हता.

ही सोय काढून टाकण्याची बुद्धी माणसाला कशी झाली, तो इतिहासही ऐकण्यासारखा आहे. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात बास म्हणजे माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचं लाकडी धूड. त्याला पडदे नसत, त्यामुळे ते सुरात वाजवायला जन्म जाई. कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्तीवाले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी १९५१ मध्ये गळ्यात अडकवण्याजोगा विजेवरचा बास बाजारात आणला, त्यावर पडदे बसवले, आणि आता कुणाचाही सूर अचूक लागेल या अभिमानाने त्याचं नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. दहा वर्षं होतात न होतात तोच १९६१ मध्ये बिल वायमन या गृहस्थाने, हेच पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेले, आपल्या स्वस्तातल्या बासचे पडदे उपटले. १९६६ मध्ये ॲम्पेग कंपनीने कारखान्यातूनच बिनपडद्याचा बास काढला. १९७० मध्ये खुद्द फेंडर कंपनीने ‘प्रिसिजन’ बिनपडद्याचा विकायला सुरुवात केली. नाव अचूकपणाचं, आणि अचूकपणा ज्याचा त्याने घरून आणायचा.

मग आला जॅको पास्टोरिअस. या अवलियाने आपल्या बासचे पडदे काढले, खाचांत लाकडाची लांबी भरली, वरून बोटींना लावतात ते इपॉक्सी फासलं आणि १९७६ मध्ये अशी काही रेकॉर्ड काढली की जगभरच्या पोरांना पडद्यांची लाज वाटू लागली. त्या लाजेची लाट कोल्हापूरमार्गे इचलकरंजीला पोचायला जरा वेळ लागला, एवढंच.

गिटारीची पहिली तपासणी दाजींच्या कारखान्यातल्या जॉबरने केली. खडखडाटात उभं राहून कुठल्या मागाचा कुठला नट ढिला झालाय ते सांगणारा हा माणूस. चहाला आला होता. त्याने कप खाली ठेवला, गिटार भिंतीला टेकवून उभी केली, चारही तारा अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि निकाल दिला.

“मालक, ताण एकसारखा न्हाय.”

बासच्या चार तारांचा ताण मिळून ७०-८० किलोच्या घरात जातो. हा सगळा भार एका टोकाला खुंट्या आणि दुसऱ्या टोकाला घोडी, यांनी सांभाळायचा असतो. पण जॉबरला हे सांगायची गरज नव्हती. मागाच्या बीमवर गुंडाळलेल्या हजारो धाग्यांचा ताण सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

“आमच्याकडं हजारो धागं असत्यात पोरा, आणि एक ढिला पडला तर कापडावर दिसतंय. तुझं चारच हायत, आणि त्यातलाच एक ढिला.”

“मामा, ह्यातनं कापड कुठं निघतंय?”

“त्येच म्हणतोय मी,” जॉबर म्हणाला आणि उरलेला चहा प्यायला.

ढिली होती ती सगळ्यात जाड तार. बासच्या खुंटीला आत वर्म गिअर असतो. बाहेरचा कान वीसेक वेळा फिरवावा तेव्हा खुंटी एक फेरा घेते, म्हणजे तार केसाएवढी चढवता-उतरवता येते. या खुंटीच्या वर्मला झीज होऊन प्ले आला होता. तार लावायची, वाजवायची, आणि वाजवता वाजवता ती आपोआप उतरत जायची. भाच्याने परदेशी बनावटीच्या चार नव्या खुंट्या मागवल्या. खोकं उघडलं, खुंट्या लखलखीत होत्या, आणि गिटारीच्या भोकात त्या खुळखुळल्या. भोक निघालं साडेपाच सूत, आणि नव्या खुंटीचं बुश १४ मिलिमीटर. एक इंचाच्या राज्यात जन्मलेलं, दुसरं मिलिमीटरच्या.

दुसऱ्या गावात या टप्प्यावर माणूस हताश होतो. आमच्याकडे तो लेथवर जातो. मागाच्या सुट्या भागांवर पोट असलेली लेथची दुकानं इथे बोळाबोळात आहेत, आणि तिथल्या माणसाला यंत्राचं नाव सांगावं लागत नाही, माप सांगावं लागतं. लेथवाल्या काकांनी गिटारीच्या डोक्याचं भोक व्हर्निअरने मोजलं, खुंटी मोजली, पितळेची कांब चकात धरली आणि बाहेरून साडेपाच सुताची, आतून १४ मिलिमीटरची चार बुशं कातून हातावर ठेवली. घरी येऊन ती बोटाने दाबून बसवली. हातोडी लागली नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात जे एकमेव निर्दोष काम झालं ते हे. त्याला लागला चहा होण्याइतका वेळ, आणि पैसे लागले चहापेक्षा थोडे जास्त.

इथे थांबायला हवं होतं. पण अपग्रेडचा नियम असा की एक भाग नवा झाला की शेजारचा जुना दिसायला लागतो. आता घोडी डोळ्यांत खुपू लागली. घोडी म्हणजे ज्या पट्टीवर तारांची खालची टोकं अडकवलेली असतात ती. मूळची होती वाकवलेल्या पत्र्याची, पाच स्क्रूंवर उभी. जाणकार मंडळींचं म्हणणं असं की पत्र्याच्या घोडीत तारेचा जीव जातो. भरीव, जड घोडी हवी. अशी घोडी अमेरिकेत मिळते, आणि तिची इथवर येऊन पडणारी किंमत गिटारीच्या दीडपट. भाच्याने हा आकडा जेवताना, दाजींच्या तोंडात घास असताना सांगितला.

“मागापेक्षा धोटा महाग?” दाजींनी घास गिळून विचारलं. “पाव्हणं, तुम्हीच सांगा ह्याला. असला व्यवहार केला असता तर आपण आज कुठं असतो?”

पाव्हणं, म्हणजे मी, आमटीत बघत राहिलो. भाच्याविरुद्ध बोलावं तर आक्का रागावणार आणि न बोलावं तर दाजी.

शेवटी घोडीही लेथवाल्या काकांकडे गेली. भाचा डीकेटीईला इंजिनिअरिंग करतो. त्याने तीन बाजूंनी रेखाटन काढून नेलं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“पितळच कशाला? बिडाचं करूया की. स्वस्तात हुईल.”

“पितळेनं सस्टेन वाढतोय, काका. म्हणजे सूर जास्त वेळ टिकतोय.”

काका थोडा वेळ रेखाटनाकडे, मग भाच्याकडे पाहत राहिले. “म्हंजे चुकीचा सूर लागला तर त्योबी जास्त वेळ टिकंल की मग.”

ध्वनिशास्त्रावरची एवढी नेमकी टीका मी अजून कुठे वाचलेली नाही. पण गिऱ्हाईक देव असतं. पितळेचा ठोकळा आला, त्यात चार खोबणी निघाल्या, आटे पाडले गेले, आणि घोडी बसली. गिटार खालच्या बाजूला एवढी जड झाली की भाचा उभा राहून वाजवू लागला की डावा खांदा आपोआप खाली जाई. सूर खरोखरच जास्त वेळ टिकू लागले. काकांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं.

चुकीच्या सुरांवरही काकांनीच इलाज काढला. तार मोकळी सोडली तर घोडीपासून वरच्या टोकापर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. बरोबर मधोमध, ४३२ वर, वरचा षड्ज. बाकीची घरं गणिताने निघतात: टोकाजवळ एका सुरापासून पुढच्या सुराला साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर अंतर, आणि मधोमध आलं की तेच अंतर निम्म्यावर, चोवीस. भाच्याने कॅल्क्युलेटरवर सगळी घरं काढली, काकांनी व्हर्निअर लावून मानेच्या कडेला खुणा केल्या आणि भाचीच्या नेलपॉलिशचे ठिपके त्यावर बसले. काकांच्या खुणा मिलिमीटरच्या दशांशात अचूक होत्या. पण ठिपका केवढा, आणि तारेवर टेकणारं बोट केवढं? बोटाचं टोकच दीड सेंटिमीटर रुंद. त्यातल्या कुठल्या मिलिमीटरने तार दाबायची ते रेखाटनात नव्हतं.

तेवढ्यात घरघर सुरू झाली. नवी घोडी बसल्यापासून ॲम्प्लिफायर चालू केला की गिटार हातात न घेताही वाजे. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून सूर काढून पाहिला: पांढरी पाचच्या जरासा वर. मग हिशेब लागला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बासची सगळ्यात जाड तार पांढरी तीनची, तिच्यावर तीन घरं पुढे गेलं की पांढरी पाच, ती ४९ हर्ट्झ. म्हणजे गिटार विजेच्या तारेतला सूर ओढून घेत होती, आणि तो पांढरी पाचपेक्षा किंचित चढा होता. गावातल्या मोटारींची गुणगुण त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झ. म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात. अख्खं इचलकरंजी रात्रंदिवस एका चढ्या पांढरी पाचला धरून आहे. भाच्याची पांढरी पाच नेहमी चढी का लागते याचा मला त्या दिवशी उलगडा झाला. पोरगं जन्मल्यापासून त्या सुरात वाढलंय. बेसूर कसं म्हणायचं? गावाशी जुळवून घेतलेलं आहे.

मोटार वाइंडिंगवाल्याने गिटार उघडली. आतला पिकअप त्याला ओळखीचा वाटला, कारण चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे हाच त्याचा धंदा. फक्त इथली तार केसाहून बारीक आणि वेढे हजारांनी. भाच्याला नवा पिकअप टाकायचा होता. वाइंडिंगवाल्याने मीटर लावला.

“कॉइल जळाली न्हाय. मग सोडवू कशाला?”

“घरघर येतीय ना.”

त्याने घोडीचे स्क्रू सैल केले, खाली बॅटरी मारली आणि बोटाने एक तार बाहेर काढून दाखवली. पत्र्याच्या घोडीखाली अर्थिंगची तार दाबून बसवलेली असते. पितळेची घोडी बसवताना ती तार कडेला राहून गेली होती. म्हणजे अपग्रेडच्या आधी गिटार शांत होती. घरघर नव्या घोडीबरोबर आली. तार खाली सरकवली, स्क्रू आवळले, व्हॉल्यूमच्या बटणातली खरखर फवारा मारून घालवली, जॅकला नवा डाग दिला. घरघर गेली. नव्या पिकअपचे पैसे वाचले, ते दाजींना सांगू नये असं भाच्याचं म्हणणं पडलं, कारण अजून एक काम बाकी होतं.

तारा मानेच्या काही भागात लाकडाला लागून कुरकुरत होत्या. काही ठिकाणी ती कुरकुर गोड होती, काही ठिकाणी नुसती खरखर. हे काम लेथचंही नव्हतं आणि वाइंडिंगचंही नव्हतं. आम्ही मिरजेला गेलो. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं घडवणारी घराणी आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एका तंबोरे करणाऱ्या चाचांपुढे गिटार ठेवताना मला जरा संकोच वाटत होता. भोवती भोपळे, त्यांत हा सपाट लाकडी फळकुटाचा प्रकार. चाचांनी काही विचारलं नाही. एक तार छेडली, बोट मानेवर हळूच पुढे सरकवलं, कान लाकडाजवळ नेला.

“जवारी आहे हिला,” ते म्हणाले. “पण एकसारखी नाही.”

तंबोऱ्याच्या घोडीची पाठ रुंद आणि किंचित गोलसर असते. तार तिच्यावर अलगद घासत राहते, खाली सुती धागा सरकवून ती नेमकी कुठे घासावी ते ठरवतात, आणि तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो; तीच जवारी. बिनपडद्याच्या बासमध्ये तीच गोष्ट मानेच्या लाकडावर होते: बोटाच्या पुढे तार लाकडाला हलकेच चाटते आणि ‘म्वाँऽ’ असा लांबणारा, बोलका आवाज येतो. जॅकोमुळे पोरं ज्या आवाजापायी वेडी झाली, त्याच्या जातीचा आवाज मिरजेत त्याच्या आजोबांच्या आधीपासून कानशीने घासून जुळवत आले आहेत. चाचांनी मानेवरचा एक उंचवटा काचपेपरने उतरवला, वरच्या पट्टीतल्या खाचा बारीक कानशीने जरा खोल केल्या, आणि गुंडाळीच्या खरबरीत तारा लाकूड खातात, सपाट पाठीच्या लावा, असा सल्ला दिला. पितळेच्या घोडीवर त्यांनी एकदा बोट फिरवलं. बोलले काहीच नाहीत. मिरजेचे लोक सभ्य असतात.

गिटार आता देखणी वाजते. मात्र वाजवतो भाचाच. खुंट्या हलत नाहीत, जॅक खरखरत नाही, जवारी खुलली आहे, सूर टिकतो. आणि टिकतो तेवढा वेळ तो कुठे हुकला हे सगळ्या गल्लीला नीट ऐकू येतं. पूर्वी दोष खुंटीवर टाकता येत होता, मग घोडीवर, मग विजेवर. आता टाकायला भागच उरलेला नाही.

भाचा ज्या डीकेटीईत शिकतो ते कॉलेज इचलकरंजीच्या राजवाड्यात आहे. याच संस्थानाच्या आश्रयाला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णू दिगंबर पलुस्करांचे गुरू. गळ्याला पडदे नसतात, खुणा करायला कड नसते, आणि पितळेचा गळा कातून देणारा लेथही नसतो. ती पिढी तंबोरा घेऊन पहाटे बसायची आणि सूर सापडेपर्यंत उठायची नाही. मी हे भाच्याला सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मामा, त्यांचा तंबोरा कुठला हुता?”

तर सेकंडहँड बिनपडद्याचा बास घेऊ पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं: आधी खुंट्या बघा, मग तारा, मग जॅक आणि अर्थिंग. मान एकदा जाणत्या हाताखालून काढा. तेवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. उरलेलं दहा टक्के रोज दोन तास तंबोऱ्याबरोबर बसून वाजवण्याचं आहे, आणि त्याला अनुदान नाही. तरीही कुणाला घोडी बदलायचीच असेल, तर आमच्याकडे पत्र्याची मूळ घोडी पाचही स्क्रूंसकट पडून आहे. येऊन घेऊन जावी. आवाजात काडीचाही फरक पडणार नाही, याची हमी लेथवाले काका देतात.